हात लागलेली प्लेट

"सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" निकुंभ म्हणाला आणि त्याने पंपाच्या बटणावरचा हात काढून घेतला.

तांडेल सर टाकीत डोकं घालून प्लेट निरखत होते. डोकं बाहेर न काढताच ते म्हणाले, "का?"

"काही नाही. सहज."

"सहज कशाला बाहेर थांबू? मॉडेल माझं, प्लेट माझी."

"तेच तर," निकुंभ म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या.

मी वहीत डोकं घातलं. मला तिथे लागून दोनच वर्षं झाली होती आणि निकुंभशी वैर घेऊन त्या प्रयोगशाळेत कोणाचंच भलं झालं नव्हतं. पंप, टाकी, दोरे, सगळं त्याच्या हातात. त्याचं डोकं फिरलं की पंप बिघडायचा.

आमची प्रयोगशाळा नाशिकपासून जरा आत, डोंगराच्या पायथ्याशी होती. काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. उपग्रहाच्या कवचावर प्रखर किरणांचा झोत एकदम पडला, तर कवचाला किती धक्का बसेल? कोणाला वाटेल, उजेडाने कसला धक्का बसतोय. पण झोत तेवढा जबरदस्त असला की धातूच्या वरच्या थराची क्षणात वाफ होते, ती वाफ समोर उडते आणि उरलेला धातू मागे ढकलला जातो. तांडेल सरांना कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "होडीतून काठावर उडी मारलीय कधी? उडी मारली की होडी मागे जाते. तेवढंच आहे." तेवढंच लिहायला त्यांची सात वर्षं गेली होती.

तांडेल सर म्हणजे नावाप्रमाणेच समुद्राकडचे, श्रीवर्धनच्या बाजूचे कोळी. अंगाने आडवे, बोलायला कमी, आणि केसांना खोबरेल इतकं चापून लावायचे की त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर वर्तुळ उमटलं होतं. स्वच्छतेच्या बाबतीत मात्र सोवळ्यातल्या आजीला मागे टाकतील. प्लेट अ‍ॅसिटोनने पुसायची, सुती हातमोजे घालून धरायची, तिच्यावर श्वाससुद्धा सोडायचा नाही. एकदा मी प्लेटजवळ शिंकले, तर तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

ती प्लेट टाकीत दोन दोऱ्यांवर झोपाळ्यासारखी टांगायची. मग झाकण लावायचं, हवा काढायची, झोत सोडायचा आणि झोपाळा किती मागे गेला ते मोजायचं. मोजणं माझ्याकडे होतं.

त्या दिवशीही सर बाहेर गेले नाहीत. आम्हाला मागे सरायला सांगून, हातमोजे काढून, त्यांनी नेहमीप्रमाणे झाकण स्वतः लावलं. झाकणाचे बोल्ट सुती मोज्यांनी नीट पकडता येत नसत, आणि दुसऱ्याने आवळलेला बोल्ट सरांना मान्य नसे. हवा निघाली. झोत सुटला. मी आकडा वाचला.

"किती?" सरांनी विचारलं.

"बासष्ट."

मॉडेल चाळीस म्हणत होतं.

सरांनी मान हलवली आणि निघून गेले. ते दाराबाहेर पडताच निकुंभ माझ्या कानाशी आला. "मॅडम, मागच्या शनिवारी सर मुंबईला गेले होते, तेव्हा किती आलं?"

"एक्केचाळीस."

"आणि त्यांच्या बहिणीकडे लग्न होतं तेव्हा?"

"एकोणचाळीस."

"मग? मी काय वेडा म्हणून बोलतोय? सर हॉलमध्ये आले की आकडा वर जातो. पायगुण आहे माणसाचा. माणूस सोन्यासारखा, पण पायगुण म्हणजे पायगुण!"

"अहो, काहीतरीच काय बोलता? लेझरला पायगुण कळतो?"

"लेझरला नसेल कळत. आकड्याला कळतो ना."

मी हसण्यावारी नेलं खरं, पण जाऊन जुने आकडे बघितले. बाई गं! निकुंभ खरं बोलत होता. सर नसले की मॉडेल बरोबर, सर असले की चूक. म्हणजे ज्या माणसाने सात वर्षं घालून ते मॉडेल लिहिलं, त्याच्याच समोर ते तोंडघशी पडत होतं.

ही बातमी प्रमुखांकडे, प्रभुणे साहेबांकडे पोचायला वेळ लागला नाही. त्यांनी सरांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. प्रभुणे उंच, गोरे, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजून मापून.

"तांडेल, पुढच्या आठवड्यात समिती येतेय. प्रोफेसर दस्तूर अध्यक्ष आहेत. त्यांच्यासमोर तुमचा आकडा जुळला नाही, तर बाहेरून तयार प्रोग्रॅम घ्यायचा, हे मी आधीच वर कळवलंय."

"आणि मी?" सर म्हणाले.

"तुम्हाला कागदपत्र विभागात जागा आहे. शांत काम आहे."

"मला शांत काम नको आहे."

"मलाही खूप गोष्टी नको असतात. एकदा जुळतो, एकदा जुळत नाही, असल्या मॉडेलवर मी उपग्रह सोडू? दीडपट फरक पडतो तुमचा. एखादा गुणक घाला आणि मोकळे व्हा, असं मी कितीदा सांगितलं."

"का फरक पडतो ते कळल्याशिवाय गुणक घालायचा म्हणजे खोटं बोलायचं."

"मग खरं काय ते आठवड्यात सांगा," प्रभुणे म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हो, त्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये येऊ नका. मी पायगुण वगैरे मानत नाही. पण नका येऊ."

सर उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं वाटलं असतं. भर जेवणातून कोणाला उठवावं तसं तोंड झालं होतं त्यांचं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी कामाला लागते, ही आम्हा जळगावकडच्यांची खोड.

मी जुन्या प्लेटा काढल्या. झोत जिथे बसतो तिथे नाण्याएवढा काळपट डाग उरतो. सर गैरहजर असतानाची प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली, तर डाग एकसारखा, सपाट. सर हजर असतानाची धरली, तर डागात बारीक वळणदार रेषा. एकीशेजारी एक, गोल गोल फिरत गेलेल्या. दुसरी प्लेट, तिसरी प्लेट, तेच. मी बराच वेळ बघत बसले आणि मग स्वतःचं बोट काचेखाली धरलं.

तशाच रेषा. बोटाच्या!

आता मी आणि निकुंभ तर हातमोज्यांशिवाय प्लेटला शिवायचो नाही. सर हातमोजे काढायचे, पण ते बोल्टसाठी. आणि प्लेटला हात लागला म्हणून दुसऱ्याचा जीव घेणारा माणूस स्वतः लावेल? सांगायची तरी सोय होती का?

टाकीला बाजूने एक काचेची खिडकी होती. दुपारी निकुंभ जेवायला गेल्यावर मी सरांना बोलावलं आणि म्हटलं, नवी प्लेट टांगलीय, झाकण लावता का. आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

सर आले. वाकले. प्लेट निरखली. हातमोजे काढून खिशात ठेवले. मग उजव्या हाताची बोटं प्लेटला हलकेच टेकवली आणि कपाळाला लावली. पुन्हा प्लेटला, पुन्हा कपाळाला. तिसऱ्यांदा प्लेटला, तिसऱ्यांदा कपाळाला. मग झाकण लावलं आणि बोल्ट आवळायला लागले.

"सर, तुम्ही प्लेटला नमस्कार केलात."

"काय?"

"आत्ता. तीनदा."

"वेड लागलंय का, नेहेते? मी प्लेटला हात लावीन? मी?"

"अहो, माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

"तुलाही निकुंभची हवा लागली. आधी पायगुण, आता नमस्कार."

मी झाकण काढलं, टॉर्च आडवी धरली. चकचकीत प्लेटवर मधोमध चार बोटं उमटली होती, तेलकट, स्वच्छ. पहिल्यांदा टेकवलेली बोटं कोरडी असतात. कपाळाला लागून परत येतात ती खोबरेल घेऊन.

सर प्लेटकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हाताकडे. माझ्यासमोर एवढा मोठा माणूस हात उताणा धरून उभा होता. मला कुठे बघावं ते कळेना.

"बाबांचं आहे हे," शेवटी ते म्हणाले. "होडी पाण्यात ढकलायच्या आधी तिच्या पुढच्या टोकाला असा हात लावायचे. आम्ही भावंडंही लावायचो. ते म्हणायचे, जाताना तिला विचारलं नाही, तर परत आणायचं तिच्यावर काय बंधन?" ते थांबले. "मला खरंच माहीत नव्हतं गं, मी इथेही करतो ते. सात वर्षं मी स्वतःच..."

"म्हणजे मॉडेल बरोबर आहे, सर."

"हो," ते म्हणाले. "मॉडेल बरोबर आहे." आणि मग त्यांनी रुमालाने डोळे पुसले, आणि त्याच रुमालाने प्लेट पुसायला निघाले, तेव्हा मी ओरडले.

समिती यायच्या आत सरांनी जितके नमस्कार केले, तितके एखाद्या पुजाऱ्याने केले नसतील. एकदा हात लावून, दोनदा लावून, तीनदा लावून. तेल लावून आलेले असताना, न लावता आलेले असताना. प्रत्येक वेळी मी आकडा मोजायचे आणि ते मॉडेलमध्ये तेलाचा पातळ थर घालून आधीच काढलेल्या आकड्याशी ताडायचे. गोष्ट साधी होती. पातेल्यावर झाकण नसलं तर वाफ नुसती वर जाते, झाकण असलं तर ती झाकण उडवते. तेलाचा थर म्हणजे ते झाकण. किरण त्यातून आरपार जातात, खाली धातूची वाफ होते, ती क्षणभर कोंडते आणि जास्त जोराने ढकलते. हात एकदाच लावला की आकडा जागेवर, दोनदा लावला की वर, तीनदा लावला की आणखी वर. निकुंभ पंप चालवत हे सगळं बघायचा आणि म्हणायचा, "म्हणजे पायगुण नव्हे, हातगुण."

सर हे सगळं घेऊन प्रभुणे साहेबांकडे गेले. मीही गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उत्तम," ते म्हणाले. "पण समितीसमोर 'नमस्कार' हा शब्द उच्चारायचा नाही. देशातली एक गंभीर प्रयोगशाळा आहे ही. उपग्रहाच्या प्लेटला लोक पाया पडतात, असं दिल्लीत कळलं तर काय राहील आपलं?"

"मग सांगू काय?"

"काही सांगू नका. कोरी प्लेट टांगा, चाळीस आणा, विषय संपला. आणि तुम्ही बाहेरच थांबा. आता तर कारणही आहे. तुमचा हात."

"मी हात मागे बांधून उभा राहीन."

"तांडेल, माझ्या मनात असलं काही नाही. मी कुठल्या देवळात गेल्याला वीस वर्षं झाली. पण तुमच्या सवयीवर मी प्रयोगशाळा पणाला लावू शकत नाही."

त्यामुळे समिती आली त्या दिवशी सर हॉलच्या बाहेर, काचेपलीकडे खुर्ची टाकून बसले होते. प्रोफेसर दस्तूर म्हणजे ऐंशीच्या घरातले पारशी गृहस्थ, हातात काठी, कानात यंत्र, आणि सगळ्यांना "बाबा" म्हणायचे, मलासुद्धा. फळ्यावर सरांनी सकाळीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, चाळीस.

निकुंभने हातमोजे घालून प्लेट टांगली आणि झाकणाकडे वळला. तेवढ्यात प्रभुणे पुढे आले. "थांबा निकुंभ. आज झाकण मी लावतो."

कारण काय ते त्यांनाच ठाऊक. केसांना त्यांनी त्या दिवशी कसलं तरी सुगंधी तेल लावलं होतं, दारातून आत आले तेव्हाच वास आला होता. हॉलमध्ये उकडत होतं आणि त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. समिती माझ्या मागे होती, टाकीचं तोंड पलीकडे. मी खिडकीच्या बाजूला उभी होते.

साहेबांनी प्लेटकडे बघितलं. बोटं टेकवली. कपाळाला लावली. पुन्हा टेकवली. पुन्हा लावली.

मग झाकण बसवलं आणि पंपाकडे वळलेल्या निकुंभने, काही न दिसल्यामुळे, तो सुरू केला.

खरं सांगते, मला साहेबांचा राग नाही आला. माणूस घाबरला होता. त्याचीही प्रयोगशाळा होती, आणि हात सवयीने गेला, कोणत्या लहानपणीच्या ते मला माहीत नाही. पण सरांचं काय?

टाकीतली हवा निघायला तासभर जातो. समिती चहाला गेली. मी बाहेर धावले. सर उभे होते, काचेला नाक लावून.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"दोनदा. पण सर, सांगून टाका ना! टाकी उघडायला लावा!"

"समितीसमोर सांगू? साहेबांनी काय केलं ते?"

"मग तुमचं मॉडेल जाईल! कागदपत्र विभागात पाठवतील तुम्हाला!"

"तेल?"

"चापून लावलंय. आणि घाम वेगळा."

"दोनदा, भरपूर तेल," ते स्वतःशीच म्हणाले आणि आपल्या खोलीत निघून गेले. मी डोक्याला हात लावून तिथेच बसले.

समिती परत येऊन बसली तेव्हा सर हॉलमध्ये शिरले. साहेबांनी डोळे मोठे केले, पण सरांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. फळ्याकडे गेले, आणि चाळीसच्या खाली लिहिलं, त्रेपन्न.

दस्तूरांनी काठी फळ्याकडे केली. "हा दुसरा आकडा काय आहे, बाबा?"

"वरचा कोऱ्या प्लेटचा. खालचा हात लागलेल्या प्लेटचा. बोटांचं तेल लागलं की धक्का वाढतो. मॉडेलमध्ये तो थर घालता येतो. आज खालचा येईल."

"म्हणजे ह्या प्लेटला हात लागलाय?"

"हो."

"कोणाचा?"

प्रभुणे साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना आत्ता, त्या क्षणी, आपल्या हाताने काय केलं ते आठवलं होतं. ते मला स्पष्ट दिसलं.

"सवय माझी आहे," सर म्हणाले.

"पण तू तर बाहेर बसला होता, बाबा. मी बघितलं तुला."

"हात कोणाचाही असो. ह्या हॉलमध्ये ही सवय मी आणली. झोत सोडायला हरकत नाही."

निकुंभने झोत सोडला. झोपाळा मागे गेला. मी आकडा वाचला, डोळे चोळले, पुन्हा वाचला.

"चौपन्न," मी म्हटलं.

दस्तूरांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "आणि कोरी असती तर चाळीस?"

"चाळीस."

"दाखव मला."

दुसरी प्लेट आली. निकुंभने ती टांगली आणि मग कोणीच पुढे होईना. प्रभुणे साहेबांनी हात पाठीमागे बांधले. ते बघून निकुंभने बांधले, मी बांधले, आणि समितीतल्या एका गृहस्थांनीही, काही कारण नसताना, बांधले. शाळेत कवायतीला उभं केल्यासारखे सगळे उभे.

"तांडेल," साहेब खाकरून म्हणाले, "झाकण तुम्ही लावा."

सर पुढे झाले. टाकीशी वाकले. उजवा हात उचलला, आणि तो अर्ध्यात थांबला. सर तसेच मागे फिरले, हॉलच्या दाराशी गेले, लाकडी चौकटीला बोटं टेकवली, कपाळाला लावली. तीनदा. मग परत येऊन झाकण लावलं.

एक्केचाळीस आला.

तयार प्रोग्रॅम घेतला नाही. साहेबांनी सरांना कधी धन्यवाद दिले नाहीत, सरांनी कधी त्यांना काही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात हॉलच्या दाराशी साहेबांच्या सहीची एक सूचना मात्र लागली. "टाकीतील वस्तूंना हात लावू नये. ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी दाराच्या चौकटीला लावावा." दुसऱ्या दिवशी साहेब हॉलमध्ये शिरताना मी बघितलं. त्यांनी इकडे तिकडे बघून घेतलं आणि चौकटीला हात लावला.

मग सगळेच लावायला लागले. नवी मुलं यायची, जुने निवृत्त व्हायचे, साहेब गेले, निकुंभ गेला. झोत सोडायचा असला की जाताना चौकटीला हात, कपाळाला हात. लाकडावर हाताच्या उंचीला एक काळा, तुळतुळीत पट्टा पडला. कशासाठी लावतात ते नव्या मुलांना माहीतही नव्हतं, आणि मी सांगायला गेले नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर हॉलला रंग द्यायचं ठरलं. मी तेव्हा प्रमुखांच्या खुर्चीत होते. त्याच आठवड्यात श्रीवर्धनहून सरांच्या मुलीचा फोन आला. सर झोपेतच गेले. मी फोन ठेवला आणि काय करावं ते न कळून हॉलकडे चालत गेले.

रंगारी दाराशी खरवडायची पट्टी घेऊन बसला होता. "मॅडम, हा डाग फार तेलकट आहे. खरवडल्याशिवाय वर रंग धरणार नाही."

"तेवढं राहू दे. बाकी सगळं रंगव."

"पण वाईट दिसेल ना!"

"दिसू दे," मी म्हटलं.

तो बाजूला झाला. मी चौकटीला हात लावला आणि कपाळाला लावला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा मला रडू आवरेना, आणि रंगारी बिचारा पट्टी खाली ठेवून उभाच राहिला. थोड्या वेळाने त्यानेही हात पँटला पुसला आणि चौकटीला लावला.